नगराचा हिशेब

राजांचा आणि राज्यांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. कोणती लढाई कोणी जिंकली, कोणता तह कोठे झाला, कोणत्या गादीवर कोण बसला, हे आपल्याला शाळेतच पाठ करून घेतलेले असते. परंतु गावात नळाचे पाणी कधी आले, गटारे कोणी बांधली, त्यांचा खर्च कोणाच्या खिशातून गेला आणि त्या खर्चाचा जाब कोणी विचारला, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक सामान्य माणसाचे जगणे ज्या शासनाशी रोज सकाळी उठल्याबरोबर येऊन भिडते, ते नगराचे शासन होय. मराठी माणूस मुंबईस वा पुण्यास राहो, बडोद्यास वा इंदुरास राहो, अथवा पोटापाण्यासाठी दिल्लीस वा हैदराबादेस जाऊन वसलेला असो, घरपट्टी आणि पाणीपट्टी त्याला चुकत नाही. आणि रस्त्यातला खड्डाही चुकत नाही. पट्टी आणि खड्डा ह्यांचा परस्परांशी काही संबंध असावा, असे ज्या दिवशी नागरिकाच्या मनात प्रथम येते, त्या दिवशी नगराच्या लोकशाहीचा जन्म होतो.

आपल्याकडे हा विचार केवळ मनात न राहता सभेत, वृत्तपत्रांत आणि अखेर कायद्यात कसा उतरला, ह्याची हकीकत आज सांगावयाची आहे. ती मुख्यतः मुंबईत, १८६५ ते १८८८ ह्या तेवीस वर्षांत घडली. आणि तिचा एक फार महत्त्वाचा उपप्रश्न त्याच सुमारास पुण्यात विचारला गेला. ह्या हकीकतीत तीन निरनिराळे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. पैसा किती खर्च झाला, हा पहिला. खर्च करणाऱ्याला आवरण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. आणि तो पैसा कोणासाठी खर्च झाला, हा तिसरा. पहिला प्रश्न विचारणे त्यातल्या त्यात सोपे, दुसरा अवघड, आणि तिसरा सर्वांत अवघड.

प्रथम त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणली पाहिजे. गोविंद नारायण माडगावकर ह्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हे शहर वैभवाच्या शिखराकडे धावत होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते; तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. एवढ्या माणसांना राहण्यास जागा नव्हती, मैला वाहून नेण्याची धड व्यवस्था नव्हती, आणि पाण्याची सारी भिस्त विहिरी, तळी आणि १८६० साली सुरू झालेल्या विहार तलावाचे नळ ह्यांवर होती. पटकीची साथ ही प्रतिवर्षाची पाहुणी. श्रीमंती आणि घाण ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेगाने वाढत होत्या.

अशा शहराचा कारभार पाहत होते कोण? ‘जस्टिस ऑफ द पीस’ ही पदवी धारण करणारे काही गृहस्थ. हे जस्टिस सरकारने नेमावयाचे. लोकांनी निवडावयाचे नव्हेत. पूर्वी तर ती केवळ गोऱ्यांची मिरास होती. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई ह्यांच्यासारख्या एतद्देशीय पुढाऱ्यांना १८३४ च्या सुमारास त्यात प्रथम प्रवेश मिळाला. १८५८ पासून तीन कमिशनरांचे एक मंडळ कामकाज पाहू लागले. परंतु तिघांत मिळून जबाबदारी एकाचीही राहत नाही, हा अनुभव जगात सर्वत्र येतो तसा मुंबईतही आला. म्हणून सरकारने १८६५ साली नवा कायदा केला. सर्व जस्टिसांची मिळून एक संस्था बनविण्यात आली आणि कारभाराची सारी सूत्रे एकाच अधिकाऱ्याच्या हाती देण्यात आली. तो अधिकारी म्हणजे म्युनिसिपल कमिशनर. त्याची नेमणूक सरकारने करावयाची. ह्या पदावर प्रथम आले ते आर्थर क्रॉफर्ड.

क्रॉफर्ड हा मनुष्य मोठा विलक्षण होता. कल्पक, धडाडीचा, कामाला वाघ, आणि पैशाच्या बाबतीत तितकाच बेफिकीर. त्याने आल्याबरोबर शहर ढवळून काढले. रस्ते रुंद केले, गल्ल्या झाडून काढल्या, भरवस्तीतले कत्तलखाने उचलून वांद्र्यास नेले. डॉक्टर ह्यूलेट ह्यांच्यासारखा दक्ष आरोग्याधिकारी त्याच्या जोडीला होता. पटकीचे प्रमाण उतरले. १८६९ साली फळाफुलांच्या आणि भाजीपाल्याच्या विक्रीसाठी भव्य मंडई उभी राहिली. ती पुढे कित्येक दशके त्याच्याच नावाने ओळखली गेली. शहर पूर्वीपेक्षा स्वच्छ आणि निरोगी झाले, हे त्याच्या शत्रूंनाही नाकारता आले नाही.

पण हे सारे ज्या काळात चालले होते, तो काळ कसा होता? १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईचा शेअरबाजार जमीनदोस्त झाला. काल ज्यांच्या दारी गाड्या उभ्या होत्या, ते आज दिवाळखोरीच्या अर्जावर सह्या करीत होते. कित्येकांनी पोट भरण्यासाठी शहर सोडले. १८७२ च्या शिरगणतीत लोकसंख्या ६,४४,४०५ इतकीच भरली. म्हणजे शहर खंगत होते, आणि शहराचा खर्च मात्र चढत होता. मंजूर रकमेपेक्षा अधिक खर्च होई, तूट येई, ती भरून काढण्यास कर वाढत, आणि करवसुलीसाठी जप्तीची माणसे दारात येत. घरमालक ओरडू लागले, व्यापारी ओरडू लागले. नगर सुधारले हे खरे. परंतु सुधारणेची किंमत कोणाला विचारून ठरविली, हा प्रश्न प्रत्येक पेढीवर बोलला जाऊ लागला.

१८७१ साली ह्या असंतोषाला तोंड फुटले. जस्टिसांच्या सभेत जेम्स फोर्ब्स नावाच्या युरोपियन व्यापाऱ्याने पुढाकार घेतला. त्याच्या बाजूला एतद्देशीयांपैकी नवरोजी फर्दुनजी, सोराबजी शापुरजी बंगाली आणि आपले विश्वनाथ नारायण मंडलिक हे होते. रावसाहेब मंडलिक हे कोकणातल्या मुरूडचे. कायद्याचे पंडित, आणि ‘नेटिव्ह ओपिनियन’ ह्या पत्राचे संस्थापक. नवरोजींना तर लोक जनतेचे वकील म्हणूनच ओळखीत. ह्या मंडळींनी केलेली गोष्ट आज साधी वाटेल, पण त्या काळी ती साधी नव्हती. त्यांनी अंदाजपत्रक हाती घेतले, मंजूर रक्कम कोणती आणि प्रत्यक्ष खर्च कोणता हे शेजारी शेजारी मांडले, आणि जो फरक दिसला तो भर सभेत वाचून दाखविला. कमिशनर हा सरकारी अधिकारी. त्याच्या पाठीमागे साम्राज्याची प्रतिष्ठा उभी. त्याला करदात्याने आकड्यांच्या भाषेत जाब विचारावा, हा अनुभव अगदी नवा होता. गोरे आणि काळे, पारशी आणि हिंदू, ह्यांना त्या दिवसांत एका व्यासपीठावर आणणारी गोष्ट एकच होती. ती म्हणजे कराचे बिल.

करदात्यांच्या ह्या पक्षाने रोगावर जे औषध सुचविले, ते असे : एका माणसाच्या हाती सत्ता दिल्यामुळे हा अनर्थ ओढवला, म्हणून त्याच्या हातून ती काढून घ्यावी आणि एका नगरमंडळाच्या हाती कारभार सोपवावा. ही सूचना सभेला पटली, वृत्तपत्रांना पटली, रस्त्यावरच्या माणसालाही पटली. जुलमी कारभाऱ्याचे हात बांधावे, ह्याहून अधिक स्वाभाविक विचार तो कोणता?

नेमक्या ह्याच वेळी सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर लोकमताच्या आड उभा राहिला. त्याचे नाव फिरोजशहा मेहता. तीनच वर्षांपूर्वी तो विलायतेहून परतला होता. १८७१ च्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्याने नगरसुधारणेवर एक निबंध वाचला. त्यात त्याने क्रॉफर्डने केलेल्या कामाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. श्रोते खवळले, सभेत हुर्यो झाली आणि शेवटी गोंधळ माजला. ज्या माणसाला पुढे मुंबई आपला अनभिषिक्त राजा मानणार होती, त्याच्या सार्वजनिक आयुष्याच्या आरंभीच हा प्रसंग आला.

परंतु त्या निबंधात प्रशंसेपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती, आणि चिडलेल्या श्रोत्यांना ती त्या दिवशी ऐकू आली नाही. मेहतांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. कमिशनरने मर्यादा ओलांडली, हे खरे. पण त्याला मर्यादेत ठेवण्याचे काम कोणाचे होते? जस्टिसांचे. अंदाजपत्रक मंजूर करणारे जस्टिस. हिशेबावर नजर ठेवणारे जस्टिस. मग सहा वर्षे हे गृहस्थ काय करीत होते? ते स्वस्थ बसले, कारण त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. सरकारने नेमलेला सभासद सरकारला संतुष्ट ठेवतो. लोकांना त्याने का भ्यावे? म्हणून दोष एका हाती असलेल्या कार्यकारी सत्तेचा नसून त्या सत्तेवर देखरेख करणारे मंडळ बेजबाबदार असण्याचा आहे. कारभार मंडळाकडे सोपविलात, तर प्रत्येक सभासद दुसऱ्याकडे बोट दाखवील आणि जबाबदारी सर्वांत वाटली जाऊन नाहीशी होईल. त्यापेक्षा कारभारी एकच असू द्या, समर्थ असू द्या. मात्र त्याच्यावरचे मंडळ करदात्यांनी निवडलेले असू द्या आणि हिशेब तपासणारा अधिकारी त्या मंडळाचा असू द्या.

लोकांची बाजू घेणारे जे मागत होते, त्याहून लोकांना कितीतरी अधिक देणारी ही मागणी होती. ते खर्चाला आळा मागत होते; मेहता मतदानाचा हक्क मागत होते. ते एका अधिकाऱ्याला दोष देत होते. मेहता एका पद्धतीकडे बोट दाखवीत होते. जाब मागणाऱ्यांनी स्वतःही कोणाला तरी जाब दिला पाहिजे, हा विचार आपल्या सार्वजनिक जीवनात इतक्या स्पष्टपणे मांडला जाण्याच्या पहिल्या प्रसंगांपैकी हा एक. रागाच्या भरात मनुष्य माणूस बदलतो आणि व्यवस्था तशीच ठेवतो, हा दोष मुंबईच्या करदात्यांतच होता असे नव्हे.

क्रॉफर्डने १८७१ सालीच पद सोडले. त्याची पुढची कहाणीही महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. मध्य विभागाचा कमिशनर असताना मामलेदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप त्याच्यावर आले आणि १८८८-८९ मध्ये त्याची चौकशी झाली. लाचेचे आरोप चौकशी मंडळाने शाबीत मानले नाहीत. पण आपल्याच अधिकाराखालच्या मुलखात कर्जे काढल्याबद्दल त्याला नोकरीस मुकावे लागले. ज्या मामलेदारांनी अभय मिळाल्यावरून साक्षी दिल्या होत्या, त्यांची बाजू लोकमान्य टिळकांनी उचलून धरली. क्रॉफर्डची ही उत्तरकथा ऐकली म्हणजे १८७१ च्या करदात्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता, असे कोणालाही वाटेल. पण त्याबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, ज्या माणसाच्या हातून शहराचे आरोग्य सुधारले तो माणूसही हाच. चांगले काम आणि चोख हिशेब ह्या दोन गोष्टी एकाच ठिकाणी आपोआप नांदत नाहीत. काम चांगले झाले म्हणून हिशेब मागू नये, असे नाही. आणि हिशेब चुकला म्हणून काम वाईट होते, असेही नाही. दोन्हींची तपासणी वेगवेगळी करावी लागते, आणि ती करण्यासाठी नागरिकाजवळ काही स्थिरबुद्धी लागते.

१८७२ साली नवा कायदा झाला आणि मेहतांच्या निबंधातली दिशा बऱ्याच अंशी त्यात उतरली. कॉर्पोरेशन, म्हणजे महापालिका, ६४ सभासदांची झाली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिसांनी आणि १६ सरकारने. पैशाच्या व्यवहारावर लक्ष ठेवण्यासाठी १२ जणांची एक टाऊन कौन्सिल. त्यांपैकी ८ महापालिकेने निवडलेले. कार्यकारी सत्ता कमिशनरकडेच राहिली आणि त्याची नेमणूक सरकारकडे राहिली. १८७३ साली करदात्यांनी आपले प्रतिनिधी निवडले आणि ४ सप्टेंबर १८७३ रोजी ह्या महापालिकेची पहिली सभा भरली. अर्धे सभासद का होईना, शहराने स्वतः निवडलेले होते.

पुढची पंधरा वर्षे ह्या संस्थेने काय केले? तिने प्रश्न विचारले. अंदाजपत्रकाच्या चर्चेत कलमामागून कलम घेऊन त्यावर वाद घातले. पाण्याच्या योजनांवर, गटारांच्या आराखड्यांवर, आणि शहराच्या पोलिसांचा खर्च शहराने का सोसावा ह्यावर वर्षानुवर्षे भांडण केले. तुळशीचे पाणी १८७९ साली आणि तानशाचे १८९२ साली मुंबईस आले. अशा प्रत्येक कामामागे दप्तरांचे ढीग आणि कंटाळवाण्या सभांची रांग आहे. इतिहासकाराला त्या सभांत रस वाटत नाही. पण लोकशाहीचे खरे शिक्षण अशा कंटाळवाण्या सभांतच होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, बद्रुद्दीन तय्यबजी आणि फिरोजशहा मेहता हे तिघे राष्ट्रसभेच्या व्यासपीठावरून देशाला दिसले. परंतु हिशेबाचा कागद कसा वाचावा आणि अधिकाऱ्याला सौजन्य न सोडता अडचणीत कसे आणावे, ह्याची त्यांची तालीम बव्हंशी मुंबईच्या नगरकारभारात झाली.

१८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन ह्यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला आणि देशभर नगरपालिकांना नवे चैतन्य आले. मुंबईचा कायदाही सुधारावयाचे ठरले. पण १८८७ साली जे विधेयक पुढे आले, त्यात महापालिका, टाऊन कौन्सिल आणि कमिशनर ह्यांना अशा रीतीने समान पातळीवर बसविण्याचा घाट होता की, महापालिकेचे वर्चस्व नाममात्र उरावे. मेहता आणि तेलंग हे दोघे त्या वेळी मुंबईच्या कायदेमंडळात होते. त्यांनी विधेयकाचे एकेक कलम तासले. नगराचे सर्वोच्च मंडळ महापालिका हेच असले पाहिजे. कमिशनर कारभार करील, परंतु तिच्या देखरेखीखाली, हे सूत्र त्यांनी सोडले नाही. १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा हा त्या झुंजीचा परिपाक आहे. सभासद ७२ झाले. त्यांपैकी ३६ वॉर्डांतून निवडलेले. टाऊन कौन्सिलची स्थायी समिती झाली. आणि सरकारने नेमलेल्या कमिशनरलासुद्धा महापालिकेने विशिष्ट बहुमताने, म्हणजे एकूण सभासदांपैकी पाच-अष्टमांशांच्या मताने, दूर करण्याची तरतूद त्यात राहिली. हा कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही चालू आहे.

येथवर ऐकल्यावर असे वाटेल की, गोष्ट येथे सुखाने संपली. पण तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. ज्या करदात्यांनी हे सर्व मिळविले, ते होते कोण? १८७२ च्या कायद्याप्रमाणे मत देण्यासाठी वर्षाला ५० रुपये कर भरावा लागे. १८८८ साली ती रक्कम ३० वर आली. साडेसहा लाखांच्या शहरात इतका कर भरणारे लोक मूठभरच. गिरणीत राबणारा, चाळीत राहणारा, गोदीत ओझी वाहणारा आणि ज्या गटारांवर सभागृहात वाद झडत ती गटारे साफ करणारा माणूस मतदार नव्हता. तो कर भरीत नव्हता काय? भरीत होता. घरमालक घरपट्टी भाड्यात मिळवून त्याच्याकडून वसूल करीत होता. पण बिलावर त्याचे नाव नसल्यामुळे सभेत त्याला नाव नव्हते. करदाता आणि नागरिक ह्या दोन शब्दांतले अंतर एवढे मोठे होते.

हे अंतर ज्यांनी अचूक हेरले, ते जोतीराव फुले. १८७६ ते १८८२ ह्या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेही सरकारनियुक्तच, त्या वेळी पुण्यात सर्वच सभासद नेमलेले असत. मेहतांच्या सिद्धांताप्रमाणे नेमलेला सभासद निर्भय असू शकत नाही. सिद्धांत बहुधा खरा ठरतो; पण जोतीराव त्याला अपवाद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागताच्या शोभेसाठी हजार रुपये खर्चावे, असा ठराव आला. जोतीरावांनी सांगितले की, ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे लावावी. मते घेतली, तेव्हा ठरावाच्या विरुद्ध हात एकच होता. त्याच वर्षी शहरातल्या दारूच्या दुकानांची वाढ पाहून त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांकडे लेखी तक्रार केली. पुढे पुण्यात मोठी मंडई बांधण्याचा बेत निघाला, तेव्हाही त्यांनी विरोध केला. इतका पैसा इमारतीत घालण्याऐवजी तो प्राथमिक शिक्षणावर खर्च करावा, हे त्यांचे म्हणणे होते. जोतीराव बांधकामाच्या कंत्राटांचा धंदा केलेले गृहस्थ होते. दगड, चुना आणि मजुरी ह्यांचा हिशेब त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. त्यांचा आक्षेप किमतीवर नव्हता, क्रमावर होता. आधी काय आणि मग काय, हे ठरविताना कोणाची गरज मोजली, हे ते विचारीत होते.

येथे मुंबईच्या पुढाऱ्यांत आणि जोतीरावांत जो फरक दिसतो, तो नीट पाहिला पाहिजे. फोर्ब्स आणि मंडलिक ह्यांनी विचारले : मंजुरीबाहेर किती खर्च केला? मेहतांनी विचारले : मंजुरी देणाऱ्यांना कोणी निवडले? जोतीरावांनी ज्या खर्चाला विरोध केला, तो रीतसर मंजूर होत होता. हिशेबात एका पैचीही चूक नव्हती, ठराव नियमानुसार होता, बहुमत होते. तरीही तो खर्च अन्यायाचा असू शकतो, हे त्यांनी एकट्याने हात वर करून सांगितले. हिशेब चोख असूनही कारभार चुकीचा असू शकतो. कारण हिशेबाच्या वहीत जे लिहिले आहे तेवढेच दिसते, जी शाळा उघडलीच नाही तिचे कलम तेथे नसते.

काळाचा न्याय कधीकधी मोठा गमतीदार असतो. पुण्याची ती मंडई जोतीरावांच्या विरोधाला न जुमानता बांधली गेली आणि १८८६ साली तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नावाने ती उघडली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले ह्यांचे नाव मिळाले. आणि मुंबईत क्रॉफर्डच्या नावाने जी मंडई प्रसिद्ध होती, तिचे नावही आज महात्मा जोतिबा फुले मंडई असेच आहे. ज्याने न परवडणारा खर्च केला त्याच्या जागी, आणि ज्याने मंडईपेक्षा शाळा आधी मागितली त्याच्या स्मरणार्थ, दोन्ही शहरांत दोन मंडया उभ्या आहेत. नाव देणे सोपे असते. त्या नावाच्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे तितके सोपे नसते.

मताचा हक्क मात्र हळूहळू खाली उतरत गेला. १९२२ साली मुंबईत महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले. म्हणजे बिलावर नाव नसलेल्या माणसाला प्रथमच सभेत नाव मिळाले. १९४८ साली प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली आणि करदाता व नागरिक ह्यांतले अंतर निदान कायद्याच्या पुस्तकातून पुसले गेले. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान दिले, त्यांची मुदत पाच वर्षांची ठरविली, आणि मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली पाहिजे असे सांगितले. महाराष्ट्राने २००२ साली आणि सबंध देशाने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. आज साध्या कागदावर अर्ज लिहून कोणीही नागरिक आपल्या गल्लीतल्या रस्त्याचे कंत्राट, त्याची रक्कम आणि त्याची मोजणी पाहू शकतो. नवरोजी फर्दुनजींना हे ऐकून किती समाधान वाटले असते!

परंतु हक्क मिळाला म्हणजे तो टिकला, असे होत नाही. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कमिशनर हेच प्रशासक झाले. २२७ प्रभागांतून निवडून येणाऱ्या नगरसेवकांची आसने रिकामी राहिली. २०२५ सालही निवडणुकीविना सरले. ह्या काळात सडका झाल्या, पूल झाले, अंदाजपत्रकेही सादर झाली. पण अंदाजपत्रक मांडणारा कमिशनर आणि त्याला मंजुरी देणारा प्रशासक एकच व्यक्ती होती. १८६५ साली निदान जस्टिसांची सभा तरी भरत असे. ही केवळ एका शहराची गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातल्या इतर अनेक नगरांनी त्याच सुमारास हाच अनुभव घेतला. त्या अवधीत एखादा अधिकारी चांगला होता की वाईट, हा मुद्दाच नाही. मेहतांनी सव्वीसाव्या वर्षी हेच सांगितले होते. प्रश्न माणसाचा नाही. त्याच्यावर नजर ठेवणारे मंडळ आहे की नाही, आणि ते मंडळ कोणाला बांधलेले आहे, हा आहे.

श्रोतेहो, ह्या दीडशे वर्षांच्या हकीकतीतून नागरिकाने घेण्यासारखे जे आहे ते काही गूढ नाही. जाब विचारणे म्हणजे ओरडणे नव्हे. फोर्ब्स-मंडलिकांनी आकडे मांडले, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले. जाब विचारणे म्हणजे एखाद्याला घालवून देणेही नव्हे. मेहतांनी पद्धत बदलावयास सांगितली, म्हणून माणसे गेली तरी काम टिकले. आणि जाब विचारणे म्हणजे केवळ आपल्या करापुरते बोलणे तर मुळीच नव्हे. जोतीराव बोलले, ते ज्यांना सभेत यावयास मिळत नव्हते त्यांच्या वतीने. आपण जेथे कोठे असू, तेथील नगरपालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी प्रसिद्ध होते. ते वाचण्यास एक संध्याकाळ पुरते. आपल्या वॉर्डाच्या शाळेसाठी त्यात काय आहे आणि समारंभांसाठी काय आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावे. पहिला प्रश्न आपोआप सुचेल. मग तो सभेत विचारावा. आणि विरुद्ध बाजूने आपला हात एकट्याचा वर झाला, तरी तो खाली घेऊ नये.